माल किती करायचा? अंदाज बांधण्याची आणि निर्णय घेण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

माल कमी पडला की "यंदा गर्दीच फार झाली" आणि उरला की "यंदा बाजार मंदा होता", असं म्हणून विषय संपवायची सवय आपल्या बाजारपेठेत सगळीकडे आहे. दोन्ही वेळा चूक बहुधा एकाच ठिकाणी झालेली असते. 'किती खपेल' आणि 'किती करायचा' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण दोन्हींना मिळून एकच आकडा देऊन मोकळे होतो. पहिल्याचं उत्तर वहीतून मिळतं. दुसऱ्याचं उत्तर नफा-तोट्याच्या हिशोबातून मिळतं, आणि ते पहिल्यापेक्षा जास्तही असू शकतं किंवा कमीही.

पुढे उदाहरण बेळगावातल्या कुंद्याच्या (खव्याच्या मिठाईच्या) दुकानाचं घेतलं आहे, कारण हा माल फार टिकत नाही आणि चूक दोन दिवसांत समोर येते. शहापूर-वडगावचा साडीचा व्यापार, उद्यमबागेतलं वर्कशॉप, निपाणीचं किराणा दुकान यांनाही हीच पद्धत लागू पडते. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे. दर आणि किलोचे आकडे समजावण्यापुरते आहेत, त्यांच्या जागी स्वतःचे घाला.

तयारी: आधी वही नीट करा

बिलिंगच्या संगणकात विक्री असते, मागणी नसते. सगळा घोळ इथून सुरू होतो. संध्याकाळी सहाला कुंदा संपला, त्यानंतर नऊपर्यंत वीस माणसं विचारून गेली, तरी संगणकात त्या दिवशी "४० किलो" एवढंच दिसतं. पुढच्या वर्षी तुम्ही त्या ४० वर भिस्त ठेवता आणि पुन्हा सहालाच माल संपतो.

काउंटरवरचा पोरगा "संपला मामा, उद्या या" असं म्हणतो, ते कुठेच लिहिलं जात नाही. म्हणून काउंटरजवळ दोरीला पेन बांधलेली एक साधी रेघांची वही ठेवा आणि तिच्यात हे रकाने आखा:

- तारीख, वार आणि तिथी
- सकाळचा साठा (कालचा उरलेला धरून)
- माल संपला असेल तर संपल्याची वेळ
- रिकाम्या हाताने परत गेलेली गिऱ्हाइकं (प्रत्येकासाठी एक रेघ)
- रात्री उरलेला माल
- आगाऊ ऑर्डरीचा माल, वेगळा
- शेरा: पाऊस, बंद, रस्ता अडला, शेजारी नवं दुकान, काहीही

तिथीचा रकाना गाळू नका. तो का लागतो ते तिसऱ्या टप्प्यात येईल.

*तपासा:* महिनाभराची पानं चाळा. 'संपल्याची वेळ' हा रकाना पूर्ण रिकामा असेल तर दोनच शक्यता आहेत. एक तर तुम्ही दरवेळी गरजेपेक्षा जास्त माल करता, किंवा पोरं वही भरत नाहीत. बहुतेक वेळा दुसरीच खरी निघते.

टप्पा १: ऑर्डरीचा माल आणि काउंटरचा माल वेगळा करा

लग्नाची ८० किलोची ऑर्डर ही मागणी आहे, पण तिचा अंदाज बांधावा लागत नाही. ती आगाऊ रक्कम देऊन आधीच कळलेली असते. ती काउंटरच्या विक्रीत मिसळली की त्या आठवड्याची सरासरी फुगते आणि पुढच्या वर्षी ते लग्न नसताना तुम्ही त्याच्या नावाने माल करून बसता. ऑर्डरी वेगळ्या लिहा आणि अंदाज फक्त काउंटरचा बांधा. उत्पादन ठरवताना शेवटी दोन्हींची बेरीज करा.

वर्कशॉपवाल्यांसाठी हीच गोष्ट वेगळ्या रूपात आहे: कंपनीचं ठरलेलं वेळापत्रक एका बाजूला आणि अचानक येणारी दुरुस्तीची कामं दुसऱ्या बाजूला ठेवा.

टप्पा २: विक्रीवरून मागणी काढा

ज्या दिवशी माल संपला नाही त्या दिवशी विक्री म्हणजेच मागणी. ज्या दिवशी संपला त्या दिवशी दुरुस्ती करावी लागते. ती अशी:

१. माल न संपलेले आठ-दहा दिवस घ्या, तेही त्याच वाराचे. संध्याकाळी सहापर्यंत दिवसाच्या विक्रीचा किती भाग झालेला असतो ते बिलांवरून काढा. समजा ८० टक्के.
२. ज्या रविवारी ४० किलो माल सहालाच संपला, त्या दिवशीची मागणी ४० भागिले ०.८०, म्हणजे ५० किलो धरा.
३. परत गेलेल्या गिऱ्हाइकांच्या रेघांशी हा आकडा ताडून पाहा. वीस रेघा आणि सरासरी अर्धा किलोची खरेदी म्हणजे १० किलो. दोन्ही जुळले तर आकडा भरवशाचा. फार तफावत असेल तर रेघा नीट मारल्या जात नाहीत.

*सावधान:* माल संपल्यावर ज्यांनी कुंद्याऐवजी पेढे नेले, त्यांची रेघ कुंद्यातच मारा. पेढ्याची त्या दिवशीची विक्री उसनी आहे, पेढ्याचा अंदाज काढताना ती वजा करावी लागते.

टप्पा ३: तारखेला तारीख लावू नका, तिथीला तिथी लावा

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आली, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आणि २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. संगणक "मागच्या ऑगस्टशी तुलना" दाखवतो तेव्हा २०२५ च्या ऑगस्टमध्ये चतुर्थीच्या आधीचा सगळा आठवडा बसलेला असतो आणि २०२६ च्या ऑगस्टमध्ये त्यातलं काहीच नसतं. या तुलनेवर खव्याची मागणी नोंदवणाऱ्याचा ऑगस्टमध्ये माल उरतो आणि सप्टेंबरमध्ये कमी पडतो.

अधिक महिना आला की घोळ आणखी वाढतो. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे. या महिन्यात लग्नं होत नाहीत, म्हणजे साडीवाल्यांचा लग्नसराईचा शेवटचा भाग कोरडा जातो. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, म्हणून मिठाईवाल्यांची मागणी वाढते. एकाच महिन्याचा परिणाम दोन धंद्यांवर उलटा होतो, तेव्हा शेजारच्या दुकानाकडे बघून आपला अंदाज बांधू नये.

आता गुणक काढायची रीत. चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंतचे सात दिवस म्हणजे 'सणाचा आठवडा'. त्याची मागणी साध्या आठवड्याच्या मागणीने भागा.

- २०२४: सणाचा आठवडा ३१० किलो, साधा आठवडा २०० किलो, गुणक १.५५
- २०२५: ३४० आणि २१०, गुणक १.६२
- २०२६: साधा आठवडा २२५ किलो, म्हणून सणाचा आठवडा साधारण ३५० ते ३६५ किलो

*सावधान:* 'साधा आठवडा' खरोखर साधा हवा. श्रावणातले आठवडे घेऊ नका. नारळी पौर्णिमा आणि चतुर्थीच्या जेमतेम अकरा दिवस आधी येणारी गोकुळाष्टमी त्यात येतात आणि गुणक खोटाच लहान दिसतो. आषाढातले चार आठवडे घ्या, आणि दरवर्षी तेच घ्या. याचा आणखी एक फायदा म्हणजे श्रावण लागताच तुमचा गुणाकार तयार असतो आणि खव्याची, मजुरांची सोय करायला महिना हातात राहतो.

टप्पा ४: सीमाभागाचं वेगळं कॅलेंडर करा

तयार सूत्रं, मोबाईलवरची अॅपं, पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांचे सल्ले इथे कमी पडतात. आपल्या भागात दोन राज्यांची वेळापत्रकं एकाच गल्लीत चालतात. एक कोरं कॅलेंडर घ्या आणि वर्षाच्या सुरुवातीलाच त्यावर या गोष्टी लिहून ठेवा:

शाळा. कर्नाटकातल्या शाळा मेअखेर-जूनच्या सुरुवातीला उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्याला. चंदगड, गडहिंग्लजकडचं गिऱ्हाईक बेळगावात येतं, त्यामुळे वह्या, दप्तरं, छत्र्या, रेनकोट यांच्या विक्रीला इथे दोन लाटा येतात. पहिल्या लाटेत माल संपवून बसलेला दुकानदार दुसऱ्या लाटेला रिकामा असतो. पहिली लाट ओसरताना "सीझन संपला" म्हणून सवलतीत माल काढणारेही बघायला मिळतात, तेव्हा अजून पंधरवड्याची विक्री शिल्लक असते.

ऊस. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो. कायद्याने उसाचं बिल चौदा दिवसांत द्यायचं असतं, प्रत्यक्षात कारखान्यागणिक फरक पडतो. चिकोडी, निपाणी, हुक्केरी भागात दुचाकी, सोनं, कापड, घरबांधणीचं सामान विकणाऱ्यांनी गळीत कधी सुरू झालं यापेक्षा बिलं कधी जमा झाली ही तारीख लिहावी. खप त्या तारखेमागोमाग हलतो.

शिवजयंती. बेळगावात ती वैशाखात होते आणि चित्ररथाच्या मिरवणुकीची रात्र बाजारासाठी मोठी असते. फेब्रुवारीतल्या सुट्टीवरून अंदाज बांधलात तर फसाल. त्याच सुमाराला अक्षय्य तृतीयेला बसवजयंती असते, तीही लिहा.

यल्लम्मा. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीला जाणाऱ्या गाड्या वाटेत थांबतात. महामार्गावरची हॉटेलं, पंक्चरवाले, फळवाले यांनी ही पौर्णिमा सोडू नये.

अधिवेशन आणि बंद. २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध झाल्यापासून कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुतेक वर्षी इथे भरतं, बहुधा डिसेंबरात. तेव्हा लॉज आणि खानावळी भरतात, पण बंदोबस्तामुळे काही रस्त्यांवरची किरकोळ विक्री घटते. १ नोव्हेंबरचा (कर्नाटक राज्योत्सव आणि काळा दिन) दिवस तुमच्या गल्लीत कसा जातो ते तुम्हाला ठाऊकच आहे, तोही वहीत लिहा. सीमाप्रश्न तापला की बससेवा थांबते आणि पलीकडचं गिऱ्हाईक दोन-चार दिवस तुटतं.

घाट. गोव्याला माल पाठवणाऱ्यांसाठी पावसाळ्यात चोर्ला घाट कधी अडेल याचा नेम नसतो. हा मागणीचा प्रश्न नाही, पोचवण्याचा आहे. दोन्हींची नोंद वेगळी ठेवा. रस्ता बंद असल्याने माल गेला नाही आणि वहीत "मागणी कमी" असं लिहिलं, तर पुढचा अंदाज चुकतोच.

टप्पा ५: एक आकडा नको, खालची आणि वरची बाजू लिहा

"३६० किलो खपेल" हे वाक्य अपुरं आहे. दर आठवड्याचा तुमचा अंदाज साधारण किती चुकतो ते वहीतून काढा. समजा १० टक्के. मग ३५० च्या खाली १० टक्के आणि ३६५ च्या वर १० टक्के, म्हणजे ३१५ ते ४०० किलो ही तुमची कक्षा. दोनच वर्षांच्या सणांवरून याहून बारीक आकडा काढायचा हट्ट धरू नका.

*सावधान:* इथे मनातलं टार्गेट मिसळू नका. "यंदा ४५० करायचेच" ही इच्छा आहे, ती वेगळ्या पानावर लिहा. विक्री करणाऱ्या माणसाला अंदाज विचाराल तर तो तुम्हाला खूश करणारा आकडा सांगेल. त्याला "गिऱ्हाईक काय विचारत होतं" हे विचारा, किलो विचारू नका.

टप्पा ६: आता ठरवा, किती करायचा

इथून निर्णयाचा भाग सुरू होतो. दोन आकडे लागतात.

- *कमी पडल्याचा तोटा:* एक किलो कमी पडला तर किती नफा बुडाला.
- *उरल्याचा तोटा:* एक किलो उरला तर किती पैसे गेले.

पहिला आकडा दोघांच्या बेरजेने भागा. जे उत्तर येईल, मागणीच्या तेवढ्या पायरीपर्यंत माल करा.

साध्या दहा रविवारांची मागणी (दुसऱ्या टप्प्यातली दुरुस्ती करून) लहान ते मोठी अशी मांडा: ३४, ३६, ३८, ३९, ४१, ४२, ४४, ४६, ४९, ५५. सरासरी ४२.४ किलो.

कुंदा: खर्च ३०० रुपये, विक्री ४६०. उरलेला दुसऱ्या दिवशी २५० ने जातो. कमी पडल्याचा तोटा १६०, उरल्याचा ५०. १६० भागिले २१० म्हणजे ०.७६. दहा रविवारांत ही ७.६ वी पायरी येते, वरची घ्या, म्हणजे आठवी: ४६ किलो.

बासुंदी: मागणी हीच धरा. खर्च २२०, विक्री ३२०, उरलेली टाकून द्यावी लागते. कमी पडल्याचा तोटा १००, उरल्याचा २२०. १०० भागिले ३२० म्हणजे ०.३१. चौथी पायरी: ३९ किलो.

मागणी एकच, सरासरी एकच, तरी कुंदा सरासरीच्या वर करायचा आणि बासुंदी खाली. वहीवर पडताळून पाहा. बासुंदी ३९ किलो केली तर त्या दहा रविवारांत सरासरी ३,६१२ रुपये सुटतात, ४२ केली तर ३,४९६, आणि "कमी पडायला नको" म्हणून ४६ केली तर ३,०६४. कुंद्याचं चित्र वेगळं आहे: ४४ ला ६,३२६, ४६ ला ६,३५२, ४९ ला ६,३२८. म्हणजे योग्य आकड्याच्या आसपास दोन-तीन किलो इकडेतिकडे झाले तर फारसं बिघडत नाही. किलोकिलोवरून घरात वाद घालण्यापेक्षा तोटा कोणत्या बाजूला मोठा आहे हे बरोबर ओळखणं जास्त कामाचं.

सणाच्या आठवड्यासाठी हीच पायरी कक्षेवर लावा. ३१५ ते ४०० ची कक्षा आणि ०.७६ ची पायरी, म्हणजे तळापासून पाऊण वाट वर: सुमारे ३८० किलो. दिवसावार वाटणी करताना मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. आठवड्याच्या सुरुवातीला उरलेला कुंदा दुसऱ्या दिवशी पूर्ण भावाने जातो, त्यामुळे तेव्हा हात थोडा सैल चालतो. सणाच्या अगदी शेवटी, अनंत चतुर्दशीला, उरलेल्या मालाला मात्र पुढे गिऱ्हाईकच नसतं, दोन दिवसांत पितृपक्ष लागतो. तिथे उरल्याचा तोटा नव्याने काढा, जुना ५० रुपये वापरू नका.

*तपासा:* उरल्याच्या तोट्यात टिकण्याची मुदत धरली का? ऑक्टोबर २०२० मध्ये सुट्या मिठाईपुढेही ही मुदत ('बेस्ट बिफोर') दाखवणारी पाटी लावणं बंधनकारक झालं होतं. मुदत टळलेल्या मालाची किंमत शून्य धरा. वर्कशॉपमध्ये उलट स्थिती असते. सील किंवा बेअरिंग आज न खपलं तर पुढच्या महिन्यात खपतं, उरल्याचा तोटा म्हणजे अडकलेल्या पैशाचं व्याज. तिथे पायरी ०.९० च्या वर जाते आणि साठा भरपूर ठेवणंच बरोबर ठरतं. पण पुण्याहून यायला चार दिवस लागणारा आणि ज्यावाचून मशीन बंद पडतं तोच भाग असा ठेवा, सगळं गोदाम नव्हे.

टप्पा ७: भाव आज बांधायचा की थांबायचं?

खवेवाला म्हणतो, आज आगाऊ दिलेत तर सणाच्या आठवड्यात ३४० ने देतो. थांबलात तर भाव ३०० राहील, किंवा टंचाई झाली तर ४२० होईल. इथे "भाव वाढेल का?" असं विचारत बसू नका, त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. बरोबरीची शक्यता काढा: आज बांधल्याने ४० जास्त जातात, टंचाईत थांबल्याने ३०० ऐवजी ४२०, म्हणजे १२० जास्त जातात. ४० भागिले १२०, एक तृतीयांश. आता प्रश्न सोपा झाला: तीनात एकापेक्षा जास्त वेळा टंचाई होते का? मागच्या पाच-सहा सणांच्या खरेदीच्या पावत्या काढा आणि मोजा.

शक्यता उंबरठ्याच्या जवळपास असेल तर निम्मा माल बांधा. आणि पैसे उधारीवर आणून आगाऊ देणार असाल तर त्याचं व्याज त्या ४० मध्ये मिळवा. ते धरलं की उत्तर पुष्कळदा फिरतं.

*सावधान:* ४२० चा भाव आला तर दुकान अडचणीत येईल अशी स्थिती असेल, तर शक्यता कमी असली तरी भाव बांधा.

टप्पा ८: अंदाज लिहून ठेवा आणि चूक मोजा

दर सोमवारी दहा मिनिटं. गेल्या आठवड्याचा अंदाज, प्रत्यक्ष मागणी, फरक (अधिक-उणे चिन्हासकट). अंदाज आधी लिहिलेला हवा. नंतर आठवून लिहिलेला अंदाज नेहमी बरोबरच निघतो.

महिन्याने दोन गोष्टी बघा. फरकाची चिन्हं सलग पाच-सहा आठवडे एकाच बाजूची आहेत का? असतील तर गुणक किंवा साधा आठवडा बदलायला हवा. दुसरं, तुमच्या अंदाजाची चूक "मागच्या रविवारी जेवढं, तेवढंच या रविवारी" या आळशी अंदाजापेक्षा कमी आहे का? नसेल तर साध्या दिवसांसाठी आळशी अंदाजच वापरा आणि डोकं सणांसाठी राखून ठेवा.

एका अपवादाच्या आठवड्यावरून मात्र काहीही बदलू नका. ऑगस्ट २०१९ च्या पुरासारखा आठवडा वहीत ठेवा, शेऱ्यात कारण लिहा आणि गुणक काढताना वगळा. सणाचा गुणक वर्षातून एकदाच बदलायचा, अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात, पावत्या अजून टेबलावर असताना.